ओटीपी मुलाच्या फोनवर जातो

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. लातूरकडच्या एका तालुक्यात अकरा जणींची संस्था आहे, घरगुती हिंसाचाराच्या केसेस बघतात, वर्षाची उलाढाल चार-साडेचार लाख. एक दिवस बँकेने खात्यातून पैसे काढणं बंद केलं आणि सगळ्या ट्रस्टींचे आधार, पॅन, दर्पणचा (संस्थांच्या सरकारी पोर्टलचा) नंबर, देणगीदारांची यादी असं सगळं मागितलं. का म्हणून विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, दहशतवादाला पैसा जाऊ नये म्हणून वरून आलंय. तर त्या ताईंचा प्रश्न असा, की आमचा आणि दहशतवादाचा काय संबंध, आणि अशा धोरणांनी बाईच्या समानतेवर खरंच परिणाम होतो का, की आपणच उगाच ओढूनताणून लावतोय?

मी वकील नाही आणि प्राध्यापक पण नाही. गेली २२ वर्षं मराठवाडा-विदर्भातल्या छोट्या संस्थांचे हिशेब, धर्मादाय कार्यालयातली कामं आणि एफसीआरएचे (परदेशी देणगीच्या कायद्याचे) फॉर्म हे करतेय, त्यामुळे माझं उत्तर वहीच्या बाजूने येणार, ते तसंच घ्या.

संबंध आहे. फक्त तो एका कागदातून दुसऱ्या कागदात असा उतरत येतो की शेवटच्या कागदापर्यंत पोचेस्तोवर मूळ कारण कुणालाच धड आठवत नाही, बँकेतल्या त्या मुलाला तर नाहीच नाही. न्यूयॉर्कचे टॉवर पडले सप्टेंबर २००१ मध्ये, त्याच महिन्यात युनोच्या सुरक्षा परिषदेने १३७३ नंबरचा ठराव केला की दहशतवादाचा पैसा रोखायला प्रत्येक देशाने कायदे करायचे. मग एफएटीएफ म्हणून जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, जी १९८९ मध्ये काळ्या पैशासाठी बनली होती, तिने यात दहशतवादी फंडिंग घेतलं आणि त्यात एक शिफारस फक्त संस्थांसाठी ठेवली, शिफारस नंबर ८. तिच्यात स्वयंसेवी संस्थांना सरसकट 'विशेष धोक्यातल्या' म्हटलं होतं. सगळ्याच. मशिदीचा ट्रस्ट, चर्चची शाळा, तुमची अकरा जणींची संस्था, गावातलं भजनी मंडळ रजिस्टर असेल तर ते पण. भारत जून २०१० मध्ये एफएटीएफचा सदस्य झाला, त्यासाठी कबूल केलेल्या गोष्टी पुऱ्या करायला यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात २०१२ ची दुरुस्ती झाली, आणि मार्च २०२३ मध्ये मनी लाँडरिंगचे नियम बदलून बँकांना सांगितलं की तुमच्याकडे खातं असलेल्या प्रत्येक संस्थेची माहिती नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदलेली पाहिजे आणि खातं बंद झालं तरी पुढे ५ वर्षं ती जपायची. तिथून रिजनल ऑफिस, तिथून ब्रांच, तिथून तो मुलगा आणि त्याच्यासमोर तुम्ही. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, त्याच्या स्क्रीनवर लाल रेघ आली तर तो पुढे जाऊच शकत नाही.

आता तुम्ही म्हणाल हे तर पुरुषांच्या संस्थांना पण लागू आहे. आहे. नियमात बाई-पुरुष असं काही लिहिलेलंच नाही, आणि मला विचाराल तर खरी गोम तिथेच आहे.

एक प्रसंग सांगते. बीडकडची एक छोटी संस्था, ऊसतोड बायकांमध्ये काम करणारी. अध्यक्ष बाई सातवी पास, स्वतः कोयत्यावर गेलेली. दर्पणच्या नोंदणीसाठी आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन बसलो. पॅनवर तिचं माहेरचं नाव, कारण पॅन काढलं तेव्हा नवऱ्याने टाकून दिलेलं होतं आणि तिने हट्टाने वडलांचं नाव लावलं होतं. आधारवर सासरचं, कारण आधारचा कॅम्प गावात आला तेव्हा रेशनकार्ड बघून त्यांनी जे दिसलं ते टाकलं. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत पुढे 'सौ.' लावून तिसरंच स्पेलिंग. तिघी वेगवेगळ्या बायका झाल्या ना सिस्टीमच्या दृष्टीने. बरं ते कसंतरी निस्तरलं, आधारचं नाव दुरुस्त करायला तालुक्याला दोन चकरा झाल्या, तर पुढे ओटीपी. आधारला जोडलेला मोबाईल मुलाचा, मुलगा पुण्याला कंपनीत शिफ्टवर, फोन लॉकरमध्ये. आम्ही दुपारी बारापासून सव्वापाचपर्यंत त्या मुलाची शिफ्ट सुटायची वाट बघितली. मग त्याने फोन केला आणि पहिला प्रश्न काय तर, "आई, कसला ओटीपी, कुणी फसवत तर नाहीये ना तुला, कुठे सह्या करू नको."

ज्या बाईने गावातल्या चाळीस बायकांच्या भांडणात मध्यस्थी केलीय, ठाण्यात जाऊन पीएसआयसमोर खुर्चीवर बसून बोललीय, तिला स्वतःची संस्था चालवायला मुलाकडून सहा आकडे मागायला लागले. हे तुम्हाला कुठल्याच रिपोर्टमध्ये सापडणार नाही.

पुरुष ट्रस्टीचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच असतं. बाईचं लग्नात बदलतं, सोडलं की परत बदलतं किंवा बदलायचं राहून जातं, आणि बायकांच्या संस्थेत पुढे आलेल्या बऱ्याच जणी नेमक्या अशाच असतात, परित्यक्ता, विधवा, घटस्फोटित. म्हणजे ज्या कारणाने ती या कामात आली त्याच कारणाने तिचे कागद जुळत नाहीत. त्यात आपल्या महाराष्ट्राचा खास त्रास म्हणजे चेंज रिपोर्ट. ट्रस्टी बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट टाकायचा, तुम्ही टाकता पण, आणि मग तो वर्षानुवर्षं पेंडिंग. शेड्यूल वनवर, म्हणजे ट्रस्टींच्या अधिकृत नोंदीवर, अजून २०११ ची बॉडी, त्यातल्या दोघी वारलेल्या. बँक म्हणते शेड्यूल वन आणा, त्यावर ज्यांची नावं त्यांचीच केवायसी. आता वारलेल्या बाईचं आधार व्हेरिफाय कसं करायचं ते मला तरी माहीत नाही.

मोठ्या संस्थेकडे यासाठी माणूस असतो, तुमच्याकडे तुम्हीच. केस बघणारी, पोळ्या करून येणारी आणि व्हाउचर लिहिणारी एकच बाई.

परदेशी पैशाचं वेगळं सांगायला लागेल कारण खरं नुकसान तिकडे जास्त झालंय. आधी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, एफसीआरए हा काही दहशतवादविरोधी कायदा म्हणून जन्मला नाही, तो १९७६ चा, आणीबाणीतला, नवा आला २०१० मध्ये. पण देशाची सुरक्षा, टेरर फंडिंग हीच भाषा त्याच्याभोवती असते आणि एफएटीएफसमोर आपण तो याच खात्यात दाखवतो. सप्टेंबर २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली. लॉकडाऊनमध्ये. तेव्हा आमच्या संस्था गावागावात शिधा वाटत होत्या आणि अधिवेशनात दोन-तीन दिवसांत ही दुरुस्ती पास झाली. चार गोष्टी आल्या: एका एफसीआरए संस्थेने दुसऱ्या संस्थेला पैसे द्यायचेच नाहीत, अॅडमिनचा खर्च ५० टक्क्यांवरून २० वर, सगळ्यांचं खातं दिल्लीच्या एसबीआय मेन ब्रांचमध्ये, आणि पदाधिकाऱ्यांचं आधार सक्तीचं. सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं पण एप्रिल २०२२ मध्ये कोर्टाने दुरुस्ती मुख्यतः कायम ठेवली.

यातली पहिली गोष्ट वाचायला सगळ्यात साधी वाटते आणि तीच बायकांच्या संस्थांना आतून पोखरून गेली. आपल्याकडे पैसा कसा यायचा बघा. मुंबई-पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेकडे एफसीआरए असायचं, ती वर्षाला तीन लाख, पाच लाख असं करून नंदुरबार, बीड, गडचिरोली, यवतमाळमधल्या आठ-दहा छोट्या गटांना द्यायची. छोटीला इंग्रजी रिपोर्ट लिहायला लागायचा नाही, परदेशी माणसाशी बोलायला लागायचं नाही, तिने काम करायचं आणि मराठीत लिहून द्यायचं. हे सब-ग्रँटिंग रातोरात बंद. मग मोठ्या संस्थांनी काय केलं, म्हणजे त्यांच्यापुढे पण दुसरा रस्ता नव्हताच, त्यांनी छोट्या संस्थेतल्या बायकांना स्वतःच्या पगारावर घेतलं.

वरून बघायला बरंच झालं की, पगार सुरू राहिला. पण काल जी संस्थेची सचिव होती, जिच्या सहीने चेक निघायचा, जी ठरवायची की या वर्षी बालविवाहावर काम करायचं की उचलीवर (ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि दोघांची उचल नवऱ्याच्या हातात पडते, त्यावर या बायका काम करत होत्या), ती आज 'फील्ड कोऑर्डिनेटर'. पुण्याहून टार्गेट येतं, महिन्याला इतक्या मीटिंगा, इतके फोटो, जीपीएसवाले. मी अशा सहा-सात जणींना ओळखते. त्यातली एक मला म्हणाली, "ताई, नवऱ्याच्या घरातून निघून स्वतःचं दार केलं होतं, आता परत कुणाच्या तरी घरात नांदायला आल्यासारखं वाटतंय." समानतेवर काय परिणाम होतो म्हणून विचारलंत ना, मला यापेक्षा नेमकं सांगता येणार नाही.

२० टक्क्यांचं पण बघा. नियमात अॅडमिन कशाला म्हणायचं त्याची यादी आहे, त्यात भाडं, गाडीचा खर्च, रिपोर्ट लिहिण्याचा खर्च आणि लीगल-प्रोफेशनल फी हे सगळं येतं. हॉस्पिटलच्या डॉक्टरचा पगार, शाळेच्या शिक्षकाचा पगार यांना स्पष्ट सूट आहे कारण ते थेट काम समजलं जातं. पण हिंसाचाराच्या केसेस बघणाऱ्या संस्थेचं काम म्हणजे तरी काय हो? समुपदेशक बाई, वकिलाची फी, रात्री अकरा वाजता ठाण्यात जायला रिक्षा किंवा जीप, आणि बाईला दोन रात्री ठेवायला एक खोली. यातल्या समुपदेशकाला सूट बसते की नाही यावर मी तीन सीएंची तीन मतं ऐकलीत, आणि वकिलाची फी तर अॅडमिनच. थोडक्यात वाटप करणाऱ्याला नियम सोपा, शिलाई मशीन घेतलं की बिल मिळतं, मशीन दिसतं, फोटो निघतो, अॅडमिन शून्य. बाईच्या बाजूने भांडायचं तर त्यात माणूस लागतो आणि माणूस म्हणजे खर्च. म्हणून हळूहळू संस्थांनी भांडण सोडलं आणि मशीन धरलं. त्यात परदेशी पैसा गेल्यावर सीएसआरकडे (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीकडे) वळायचं तर कंपन्यांना टॉयलेट, टॅब, शिलाई मशीन हेच आवडतं, जुन्या ४९८-अच्या, म्हणजे सासरच्या छळाच्या केसेस कुठल्याच कंपनीला नको असतात. आमच्या भागात एका तालुक्यात इतकी शिलाई मशीनं झालीत की ब्लाउज शिवून घ्यायला बायका कमी पडतील.

१ जानेवारी २०२२ ला एका दिवसात सुमारे ६ हजार संस्थांची एफसीआरए नोंदणी संपली, बहुतेकांनी रिन्यूअलचा अर्जच केला नव्हता असं सरकारचं म्हणणं. ते खरं असेल पण अर्ज का केला नाही हे कुणी विचारलं नाही. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचं रिन्यूअल त्याच डिसेंबरात नाकारलं तर देशभर बातमी झाली आणि दोन आठवड्यांत परत मिळालं पण. तुमच्यासारखीचं गेलं तर तालुक्याच्या पेपरात चौकट पण येत नाही. आणि मोठं नाव असलं की वाचतंच असंही नाही, लॉयर्स कलेक्टिव्हने २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या मसुद्यावर काम केलेलं, तुम्ही रोज ज्या कायद्याखाली अर्ज टाकता तोच, त्यांचं एफसीआरए २०१६ मध्ये रद्द झालं. सरकारने परदेशी पैशाच्या वापराबद्दल आरोप केले, संस्थेने ते फेटाळले.

हे झालं पैशाचं. दुसरं दार तुरुंगाचं आहे, त्यावर माझा हात कमी बसलाय पण दोन-तीन गोष्टी बोलल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच राहील.

आपल्या जामिनाच्या साध्या कायद्यात बाईसाठी एक खिडकी असते. आरोपी बाई असेल, आजारी असेल किंवा स्वतःच अल्पवयीन असेल तर गंभीर गुन्ह्यात पण कोर्ट जामीन देऊ शकतं. मनी लाँडरिंगचा कायदा इतका कडक, त्यातही ती खिडकी आहे. यूएपीएच्या ४३-डी(५) कलमात ती नाही. केस प्रथमदर्शनी खरी वाटली की जामीन नाही, आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या वटाली निकालात सांगितलं की या टप्प्यावर पुराव्याची चिरफाड करायची नाही. सफूरा झरगर ही दिल्लीची विद्यार्थिनी एप्रिल २०२० मध्ये पकडली गेली तेव्हा गरोदर होती. जूनमध्ये सुटली ती सरकारी वकिलांनी माणुसकीच्या मुद्द्यावर विरोध केला नाही म्हणून. त्यांनी विरोध केला असता तर कलमात तिच्या पोटातल्या बाळासाठी एक ओळही नव्हती. 'पिंजरा तोड'च्या नताशा नरवाल आणि देवांगना कलिता, ज्यांची सुरुवात मुलींच्या होस्टेलला रात्री कुलूप का लावता या प्रश्नापासून झाली होती, त्या वर्षभर आत होत्या. नताशाचे वडील मे २०२१ मध्ये कोविडने गेले, आणि जूनमध्ये दिल्ली हायकोर्टाने जामीन देताना म्हटलं की आंदोलनाचा हक्क आणि दहशतवादी कृत्य यातली रेघ पुसट होत चाललीय. आपल्या नागपूर विद्यापीठातल्या प्राध्यापक शोमा सेन, बायकांच्या हक्कांवर काम केलेल्या, जून २०१८ ला अटक आणि जामीन एप्रिल २०२४ ला. जवळपास सहा वर्षं, खटला न चालता. त्यांची मतं तुम्हाला पटोत न पटोत, तो मुद्दाच नाहीये. उलट्या बाजूचं पण घ्या, प्रज्ञा ठाकूरच्या राजकारणाशी माझं काडीचं जुळत नाही, पण मालेगाव २००८ च्या केसमध्ये ती पण साडेआठ वर्षं आत होती, कोठडीत छळ झाला असं तिने सांगितलं, आणि जुलै २०२५ मध्ये सातही जण निर्दोष सुटले. स्फोटात ज्यांची माणसं गेली त्या घरांच्या हाताला काय लागलं मग?

आकडा एकच देते, सरकारनेच संसदेत दिलेला: २०१६ ते २०१९ या चार वर्षांत यूएपीएखाली अटक ५,९२२ आणि शिक्षा १३२ जणांना.

अटक बहुतेक पुरुषांना होते, पण ती भोगणारी घरात असते. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांची केस घ्या. १८० च्या वर माणसं गेली, ज्यांची गेली त्यांना आजही न्याय मिळालेला नाही आणि ते दुःख मी कमी लेखत नाही. त्यात पकडलेल्या बारा जणांना २०१५ मध्ये शिक्षा झाली, पाच जणांना फाशी, आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं (सुप्रीम कोर्टाने नंतर तो निकाल इतर केसेससाठी दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना परत आत बोलावलं नाही). १९ वर्षं. १९ वर्षांत बायको काय करते? मी त्या केसमधल्या कुणाला ओळखत नाही, पण अशाच एका वेगळ्या केसमधल्या बाईची पोस्टाची आरडी आणि बचत गटाची वही मी बघितलीय, आमच्या एका गटात होती म्हणून. दर दोन-तीन महिन्यांनी वहीत एक खाडा. विचारलं तर म्हणाली मुलाखत असते. मुलाखत म्हणजे जेलमध्ये भेटायला जाणं, रात्रीची गाडी, दोन मुलं, डबा, आणि तिकडे खिडकीत वीस मिनिटं. घरमालकाने खोली खाली करायला लावली, मुलाला शाळेत 'त्याचा' म्हणून ओळखायचे, दीर म्हणाला दागिने विकून वकील दे. त्या बाईला गटातून कर्ज द्यायचं की नाही यावर गटात मतदान झालं हो. चौघी विरोधात होत्या आणि त्यातली एक हळूच मला म्हणाली, आपली वही पोलिसांनी नेली तर? त्या बाईने कुठलाही कायदा मोडला नव्हता. कर्ज शेवटी दिलं, तिने फेडलं पण, वेळेच्या आधी.

याच्यातूनच एक वेगळी गोष्ट निघते. २०१५ मध्ये सुरक्षा परिषदेने २२४२ नंबरचा ठराव केला, त्यात म्हटलं की दहशतवाद आणि कट्टरता रोखण्याच्या कामात बायकांना सामील करा. ऐकायला छान. खाली येताना त्याचं होतं असं की आईला सांगायचं मुलावर लक्ष ठेव, आणि मोहल्ल्यात काम करणाऱ्या बायकांच्या संस्थेला सांगायचं की कोण येतं कोण जातं ते कळवा. आमच्या माहितीतल्या एका गटाकडे स्थानिक पातळीवर बैठकीला येणाऱ्या बायकांची नावं मागितली गेली, अगदी गोड बोलून, चहा पाजून. त्यांनी नाही दिली. पण मागितली ही बातमी मोहल्ल्यात पसरली आणि पुढच्या बैठकीला तीसपैकी सात आल्या. तलाकची केस घेऊन येणारी बाई संस्थेत का येते, तर इथलं बोलणं बाहेर जात नाही म्हणून. तो भरवसा एकदा गेला की परत आणायला वर्षं जातात, आणि गडचिरोलीत काम करणाऱ्यांना विचारा, तिथे तर दोन्हीकडून संशय, पोलिसांना वाटतं तुम्ही त्यांच्या आणि त्यांना वाटतं तुम्ही पोलिसांच्या. आता जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक पास केलं, त्यात कडव्या डाव्या संघटनांबरोबर 'तत्सम' असा पण शब्द आहे. त्या एका शब्दाने आमच्या मीटिंगमधल्या बायकांनी बोलणं कमी केलंय, कायद्याने काही करायच्या आधीच.

काश्मीर-मणिपूरचं मी लांबून वाचलेलं आहे म्हणून एवढंच, की २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीने सांगितलं होतं की अफ्स्पाच्या (लष्कराला विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याच्या) भागात सैनिकावर लैंगिक अत्याचाराचा आरोप असेल तर सरकारच्या परवानगीची अट काढून टाका. त्या वर्षी बाकी कायदा बदलला, हे नाही घेतलं.

तुम्ही विचाराल मग काहीच नियम नको का. नको कसे, २६/११ ला मी दादरला बहिणीकडे होते, ती रात्र मी विसरलेली नाही आणि त्यानंतर महिन्याभरात यूएपीए कडक झाला तेव्हा मला बरंच वाटलं होतं. पैशाचा माग ठेवायलाच हवा. माझं भांडण सरसकटपणाशी आहे, आणि गंमत म्हणजे ते आता खुद्द एफएटीएफ पण म्हणतेय. त्यांनी २०१६ मध्ये तो 'विशेष धोक्यातल्या' शब्द काढून टाकला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये शिफारस ८ परत दुरुस्त करून स्पष्ट लिहिलं की जिथे धोका दिसतो तिथेच आणि त्या प्रमाणातच उपाय करा, संस्थांच्या रास्त कामाला अडवू नका. २०२४ च्या त्यांच्या तपासणीत भारताला ४० पैकी ३७ शिफारशींवर चांगला शेरा मिळाला, तीनच ठिकाणी 'अंशतः' मिळाला, आणि त्या तीनातली एक ही संस्थांवरची. हे बँक मॅनेजरला सांगून खातं उघडत नाही, मी सांगून बघितलंय, पण लेखी अर्जात दोन ओळी टाका, फाईलला राहतात.

आता तुमचं. खातं अडवलंय तर तोंडी बोलणं बंद करा, कोणत्या नियमाखाली आणि नेमका कोणता कागद अपुरा आहे ते लेखी मागा, पोच घ्या, आठ-दहा दिवसांत उत्तर नाही तर बँकेच्या तक्रार विभागाकडे आणि तीस दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ऑनलाईन होतं. चेंज रिपोर्ट पेंडिंग असेल तर त्याची पोच, ठरावाची प्रत आणि तारखांचा तक्ता एकत्र लावून द्या, बऱ्याच ब्रांच तेवढ्यावर मानतात. देणगीदारांची यादी द्या पण केसवाल्या बायकांची नावं, पत्ते, रजिस्टर कुणालाही देऊ नका, बँकेला त्याची गरजच नसते, मागितलं तर लेखी मागा म्हणा, बहुतेक वेळा मागणी तिथेच संपते. प्रोसिडिंग बुक लिहायचं मागे ठेवू नका, प्रत्येक बैठकीचं त्याच दिवशी लिहा आणि सह्या घ्या. एफसीआरए असेल तर एफसी-४ ची (वार्षिक हिशेबाच्या फॉर्मची) तारीख ३१ डिसेंबर, पदाधिकारी बदलले तर ४५ दिवसांत कळवायचं, आणि रिन्यूअलचा अर्ज मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत, जितक्या लवकर तितका बरा.

आणि हे सगळं करायच्या आधी, या रविवारीच, अकरा जणींना बोलवा, प्रत्येकीचं पॅन, आधार आणि शेड्यूल वनवरचं नाव शेजारी शेजारी ठेवून बघा, आणि आधारला कुणाचा मोबाईल जोडलाय ते तपासा. मुलाचा, नवऱ्याचा, दिराचा असेल तर आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा टाकून घ्या, पंचाहत्तर रुपयांच्या आसपास लागतात. बीडच्या त्या अध्यक्ष बाईंनी टाकून घेतला. आता ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो आणि वाचून दाखवायला त्या मला फोन करतात.